शनिवारी रात्री सर्व्हर बंद: व्हर्च्युअल मशीनच्या खालचं स्टोरेज बदलतात तेव्हा नेमकं काय होतं

"स्टोरेज मायग्रेशनसाठी शनिवारी रात्री ९ पासून रविवारी दुपारी २ पर्यंत सर्व सर्व्हर बंद राहतील. गैरसोयीबद्दल क्षमस्व." अशा धाटणीचा मेसेज गेल्या दोनेक वर्षांत बऱ्याच ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेला असेल. वाचणाऱ्याला पडणारा प्रश्न साधा असतो. सर्व्हर तेच, सॉफ्टवेअर तेच, नुसती डेटा ठेवायची पेटी बदलायची, तर त्याला सतरा तास कशाला? आणि एवढा वेळ घेऊनही सोमवारी सकाळी बिलिंग का अडकतं?

असे मेसेज वाढण्यामागे एक ठळक कारण आहे. एका सर्व्हरवर अनेक मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली. डिसेंबरमध्येच एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद झालं आणि सगळा कारभार सबस्क्रिप्शनवर गेला. वर व्हीस्फिअर या तिच्या सॉफ्टवेअरच्या ७ या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे पतसंस्था असो, हॉस्पिटल असो, की एमआयडीसीतला कारखाना, सगळ्यांसमोर दोनच वाटा उरल्या: नवं लायसन्स आणि बहुधा नवं हार्डवेअर घ्या, नाहीतर प्रॉक्समॉक्स, एक्ससीपी-एनजी, हायपर-व्ही या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरांपैकी कुठेतरी बिऱ्हाड हलवा. वाट कुठलीही धरा, स्टोरेजला हात लागतोच.

## आधी मशीन म्हणजे काय ते पाहू

एका दणकट सर्व्हरवर, त्याला होस्ट म्हणतात, हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते त्या एका सर्व्हरचे अनेक कॉम्प्युटर करून दाखवतं. त्यातला प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्याला वाटतं की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःची डिस्क आहे.

इथे डिस्कचीच गोष्ट महत्त्वाची. मशीनच्या आत विंडोजला जो सी ड्राइव्ह दिसतो, तो बाहेरून पाहिला तर बहुतेक वेळा एक भलीमोठी फाईल असतो. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, प्रॉक्समॉक्समध्ये क्यूकाऊ२, झेनच्या घराण्यात (झेनसर्व्हर, एक्ससीपी-एनजी) व्हीएचडी. आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला याचा पत्ताही नसतो. आपल्या पेटीत स्क्रूने बसवलेली डिस्क आहे अशाच समजुतीत ते लिहितं-वाचतं.

ही फाईल होस्टच्याच पोटात ठेवली तर होस्ट बंद पडला की मशीनही गेलं. म्हणून ती वेगळ्या पेटीत, नेटवर्कवर ठेवतात. मग एक होस्ट मेला तरी दुसरा तीच फाईल उघडून मशीन चालू करू शकतो. चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर न थांबवता नेण्याची व्हीमोशन ही सोय व्हीएमवेअरने २००३ मध्ये आणली, तीही याच पायावर. हलते फक्त मेमरी. डिस्कची फाईल असते तिथेच राहते.

नेटवर्कवरून ही फाईल मिळवायचे दोन प्रमुख मार्ग. एनएफएस, म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेली पद्धत: फाईलींची मांडणी स्टोरेजची पेटी स्वतः सांभाळते आणि होस्ट "अमुक फाईलचा तमुक भाग दे" असं मागतो. दुसरी आयस्कझी, जिचं मानक २००४ मध्ये आलं: पेटी कोऱ्या जागेचा एक तुकडा देते, त्याला लन म्हणतात, आणि त्यावर मांडणी कशी करायची ते होस्ट ठरवतो. दोन्ही साध्या नेटवर्क केबलवरून चालतात.

हे सगळं किराण्याच्या मोठ्या दुकानासारखं समजा. दुकान पेठेत, गोडाऊन मार्केटयार्डात. गिऱ्हाइकाला दुकानच दिसतं. माल कुठून येतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. होस्ट हे दुकान, स्टोरेज हे गोडाऊन, नेटवर्क हा मधला रस्ता. आता गोडाऊनच्या बाबतीत काहीही बदलायचं झालं की दोन प्रश्न उभे राहतात. जुना पत्ता कुणाकुणाच्या वहीत लिहिलेला आहे? आणि माल यायला उशीर झाला तर कोण किती वेळ थांबेल? स्टोरेजच्या कामातले बहुतेक घोटाळे या दोन प्रश्नांचं उत्तर आधी न शोधल्यामुळे होतात. डिस्क खराब निघाली, केबल तुटली, हे त्या मानाने क्वचित.

## माल तोच, पत्ता नवा

सगळ्यात किरकोळ वाटणारा बदल म्हणजे स्टोरेजचा आयपी पत्ता बदलणं. डेटा जागचा हलत नाही. ऑफिसचं नेटवर्क नव्याने आखलं, स्टोरेज वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, नेलं, म्हणून १९२.१६८.१.५० चं १०.१०.२०.५० झालं. पाच मिनिटांचं काम वाटतं. पण तीन हायपरवायझर तीन तऱ्हांनी वागतात, आणि एकाची सवय लागलेला माणूस दुसऱ्यावर फसतो.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरवर एनएफएस जोडलं की त्या जागेला डेटास्टोअर म्हणतात. आपण त्याला 'डेटा१' असं नाव देतो. पण होस्ट ते नावाने ओळखत नाही. सर्व्हरचा पत्ता आणि फोल्डरचा मार्ग, या दोन्हींवरून तो एक ओळखक्रमांक तयार करतो आणि प्रत्येक मशीनची नोंद त्या क्रमांकाशी बांधलेली असते. पत्ता बदलला की क्रमांक बदलला. नाव 'डेटा१' च ठेवलंत तरी होस्टच्या लेखी ते नवं गोडाऊन, आणि जुन्या नोंदी असलेली सगळी मशीनं 'इनॲक्सेसिबल' दिसू लागतात. पत्ता नुसता खोडून नवा लिहायची सोयही नाही. मशीनं बंद करायची, त्यांची नोंद काढायची, डेटास्टोअर उतरवायचं, नव्या पत्त्याने चढवायचं आणि प्रत्येक मशीनची पुन्हा नोंद करायची, असा क्रम आहे.

यातही एक बारीक खोच आहे. तीन होस्ट असतील आणि दोघांवर स्टोरेज आयपीने जोडलं, तिसऱ्यावर नावाने, तर गोडाऊन एकच असूनही व्हीसेंटरला, म्हणजे सगळे होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती दोन वाटतात. मार्गाच्या शेवटी एखादी जास्तीची तिरकी रेघ पडली तरी तेच. त्या तिसऱ्या होस्टवर मशीन हलवायला गेलं की तक्रार येते, आणि माणूस तासभर नेटवर्क तपासत बसतो.

मशीनची पुन्हा नोंद करून चालू करताना व्हीएमवेअर कधीकधी विचारतं: हे मशीन तुम्ही हलवलं की कॉपी केलं? रात्री दोन वाजता हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. 'कॉपी केलं' म्हटलं की मशीनला नवा ओळखक्रमांक आणि नवा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, मिळतो. मग सोमवारी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं की हा कॉम्प्युटर लायसन्सचा नाही, किंवा मशीनला भलताच आयपी मिळालेला असतो. स्टोरेज अगदी ठणठणीत. गोंधळ त्या एका उत्तराचा. अशा कामात उत्तर 'हलवलं' हेच द्यायचं.

झेनसर्व्हर आणि एक्ससीपी-एनजी यांची रचना मला जास्त समजूतदार वाटते. तिथे दोन नोंदी वेगळ्या असतात. एक स्टोरेज रिपॉझिटरी, म्हणजे गोडाऊनची ओळख. दुसरी पीबीडी, म्हणजे अमुक होस्टवरून त्या गोडाऊनला जायचं कसं याची चिठ्ठी. पत्ता लिहिलेला असतो तो चिठ्ठीवर. त्यामुळे त्या जागेवरची मशीनं बंद करून प्रत्येक होस्टची चिठ्ठी काढायची, नव्या पत्त्याची लावायची, की काम झालं. रिपॉझिटरीची ओळख आणि डिस्कची मशीनशी असलेली जोडणी शाबूत. धोका दुसरीकडे आहे. मेनूमध्ये 'फर्गेट' आणि 'डिस्ट्रॉय' हे दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात. फर्गेटने होस्ट ते गोडाऊन विसरतो: माल राहतो, पण कुठली डिस्क कुठल्या मशीनची ही जोडणी पुसली जाते. डिस्ट्रॉयने माल जातो. पत्ता बदलायला या दोन्हींची गरज नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये मशीनच्या नोंदीत स्टोरेजचं नुसतं नाव असतं आणि पत्ता एका सामाईक कॉन्फिगरेशन फाईलमध्ये, जी क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या, सगळ्या होस्टना आपोआप मिळते. मशीनच्या दृष्टीने हे उत्तमच. पण वेबच्या पडद्यावर एनएफएस सर्व्हरचा रकाना नंतर बदलता येत नाही, तो करडा दिसतो. त्यामुळे नवखा माणूस स्टोरेज काढून पुन्हा घालायला जातो. खरं तर मशीनं बंद करून त्या फाईलमधली एक ओळ बदलायची असते. आणि एवढ्याने भागत नाही: जुना पत्ता जिथे आधीच चढवलेला आहे तो प्रत्येक होस्टवर हाताने उतरवावा लागतो. तो उतरवला नाही तर होस्ट जुन्याच वाटेने जात राहतो, जुनी वाट बंद होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि होते तेव्हा बदल करून चार दिवस झालेले असतात.

## आयस्कझीचा वेगळा हट्ट

आयस्कझीवर पत्ता बदलणं त्या मानाने सोपं, कारण व्हीएमवेअरची व्हीएमएफएस ही मांडणी आपली ओळख स्वतःच्या आत लिहून ठेवते. पत्ता काहीही असो, आतली सही जुळली की होस्ट ओळखतो. हट्ट सुरू होतो तो लनची हुबेहूब नक्कल नव्या पेटीवर केल्यावर. सहीत मूळ लनची खूण असते. नव्या पेटीवर खूण जुळत नाही, म्हणून होस्ट म्हणतो, ही कुणीतरी केलेली नक्कल दिसते, मी जोडणार नाही. डेटा सगळा आहे, पण डेटास्टोअरच्या यादीत काही नाही. अशा वेळी कुणी घाबरून 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला हो म्हटलं तर मात्र सगळंच गेलं.

इथे दोन सनदशीर उत्तरं असतात. जुनी सही ठेवून जोडा, किंवा नवी सही करा. जुनी ठेवली तर मशीनच्या नोंदी चालतात, फक्त मूळ लन त्याच होस्टना दिसत राहता कामा नये. नवी केली तर ओळखक्रमांक बदलतो आणि सगळ्या मशीनची नोंद पुन्हा करावी लागते.

## कोण किती वेळ थांबतं

आता दुसरा प्रश्न. स्विच बदलायचा आहे, स्टोरेजचं फर्मवेअर अपडेट करायचं आहे. "दोन मिनिटं लिंक जाईल, लगेच येईल." त्या दोन मिनिटांत काय होतं?

माल येत नाही म्हटल्यावर दुकान लगेच शटर ओढत नाही. ईएसएक्सआयला स्टोरेजच्या सगळ्या वाटा बंद दिसल्या की तो त्या अवस्थेला 'ऑल पाथ्स डाउन' म्हणतो आणि घड्याळ लावतो. ते ठरावीकपणे १४० सेकंदांचं असतं. तेवढ्यात वाट सुरू झाली तर ठीक. नाही झाली तर होस्ट स्वतःची त्या स्टोरेजवरची कामं झटपट नापास करू लागतो, मशीनची मागणी मात्र रेटत राहतो. पेटीने स्वतःहून "हा लन आता कायमचा गेला" असं कळवलं तर ती वेगळी अवस्था, 'पर्मनंट डिव्हाइस लॉस', आणि त्यात वाट बघणं नसतं. म्हणूनच होस्टवर रीतसर न उतरवता स्टोरेजकडून थेट लन काढून घेणं ही वाईट खोड आहे. होस्ट गोंधळतो आणि कधीकधी इतका अडकतो की रीस्टार्टशिवाय सुटत नाही.

पण होस्ट थांबला म्हणून आतलं मशीन थांबेलच असं नाही. त्याला आपली डिस्क नेटवर्कपलीकडे आहे हेच माहीत नाही. लिनक्स स्कझी डिस्ककडून उत्तराची वाट साधारण ३० सेकंद बघतं. विंडोज बहुधा ६० सेकंद. व्हीएमवेअर टूल्स, म्हणजे मशीनच्या आत बसवायचं व्हीएमवेअरचं मदतनीस सॉफ्टवेअर, बसवलेली असतील तर लिनक्सची मर्यादा वाढवून १८० केलेली असते, आणि टूल्स बसवायला सांगतात त्यामागे हेही एक न सांगितलेलं कारण असतं. केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्सच्या आतला लिनक्सचा हायपरवायझर) व्हर्टआयओ डिस्क, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या पद्धतीची डिस्क, असेल तर मशीन बहुतेक वेळा नुसतं गोठून राहतं आणि वाट आली की पुढे चालू लागतं.

मर्यादा ओलांडली की लिनक्स काय करतं ते पाहण्यासारखं आहे. लिहिणं अपुरं राहिलं हे लक्षात आल्यावर एक्स्ट४ फाईल सिस्टीम आणखी बिघाड नको म्हणून स्वतःला 'फक्त वाचन' अवस्थेत टाकते. दोन मिनिटांनी स्टोरेज परत येतं. मशीन पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देतं. लॉगिनचं पान उघडतं. मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे. पण डेटाबेस एक ओळही लिहू शकत नाही, आणि हे कळतं कधी, तर काउंटरवरची बाई पहिली पावती सेव्ह करायला जाते तेव्हा. बदलानंतरची तपासणी म्हणजे पिंग नव्हे. प्रत्येक मशीनवर एक छोटी फाईल लिहून पाहायची.

म्हणून "दोन मिनिटं" हा आकडा ऐकला की त्याच्याशेजारी ३०, ६०, १८० हे आकडे ठेवून बघावे. १२० सेकंद टूल्स असलेल्या लिनक्सला परवडतात, टूल्स नसलेल्याला नाही.

## रस्ता अरुंद निघाला तर

यावर थोडक्यात. स्टोरेजच्या नेटवर्कवर बरेचजण मोठी पाकिटं, म्हणजे जंबो फ्रेम, चालू करतात: नेहमीच्या १५०० बाइटऐवजी ९०००. होस्टवर ९०००, पेटीवर ९०००, पण मधल्या नव्या स्विचवर १५०० राहून गेलं, तर साधं पिंग चालतं, स्टोरेज जोडलंही जातं, फोल्डरची यादी दिसते, आणि पहिली मोठी फाईल वाचायला घेतली की सगळं लटकतं. तपासायचं तर ८९७२ बाइटचं, तुकडे न करण्याची अट घातलेलं पिंग करायचं. ९००० मधले उरलेले २८ बाइट पाकिटावरच्या मजकुरात जातात.

दुसरी नेहमीची अडचण परवानगीची. नवीन एनएएस, म्हणजे नेटवर्कवरची स्टोरेजची पेटी, बऱ्याचदा सुरक्षेपोटी बाहेरून आलेल्या रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, सामान्य पाहुणा समजते. हायपरवायझर तर रूट म्हणूनच बोलतो. मग स्टोरेज जोडलं जातं, फायली दिसतात, पण मशीन सुरू होत नाही. त्या शेअरवर होस्टच्या पत्त्यांपुरती ही अट उठवावी लागते. होस्टच्या पत्त्यांपुरतीच, अख्ख्या नेटवर्कला नाही.

## माल हलवायचा, तोही दुकान चालू ठेवून

नवी पेटी घेतली की डिस्कच्या फायली खरोखर हलवाव्या लागतात. चालू मशीनची फाईल हलवायची सोय व्हीएमवेअरमध्ये स्टोरेज व्हीमोशन या नावाने २००७ पासून आहे. केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्येही डिस्क चालू असताना हलवता येते.

युक्ती अशी. जुनी फाईल सुरुवातीपासून नव्या जागी उतरवायला घेतात. मशीन तर चालूच आहे, ते मध्येच काहीतरी लिहितं. उतरवून झालेल्या भागात लिहिलं तर ते दोन्हीकडे लिहायचं. न उतरवलेल्या भागात लिहिलं तर जुन्या ठिकाणी लिहून ठेवायचं, पुढे त्याची पाळी येईलच. शेवटी दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या की क्षणभर मशीन थबकवून त्याचा हात जुन्या फाईलवरून नव्या फाईलवर ठेवायचा. आतल्या विंडोजला काही कळत नाही.

ही सोय वापरता येत नसेल तर मशीनं बंद ठेवूनच फायली उतरवाव्या लागतात. सतरा तासांचं कोडं इथे सुटतं, कारण उतरवायला लागणारा वेळ हा निव्वळ हिशेब आहे. एक गिगाबिटचं नेटवर्क कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट देतं, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. दोन टेराबाइटला त्या वेगाने पाच तास. सहा टेराबाइटला पंधरा. त्यात तपासणी आणि मागे फिरायला राखलेला वेळ धरला की शनिवारची रात्र संपते. दहा गिगाबिटचं नेटवर्क असेल तर तेच काम दोन-तीन तासांवर येऊ शकतं, अर्थात पेटीतल्या डिस्क तेवढ्या वेगाने लिहू शकल्या तर. नवी पेटी विकत घेताना टेराबाइटची घासाघीस करणारे लोक नेटवर्क पोर्टचा वेग विचारत नाहीत, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

जागेचाही हिशेब फसतो. ५०० गिगाबाइटची डिस्क म्हणून दाखवलेली फाईल प्रत्यक्षात ८० गिगाबाइटच जागा खात असेल, कारण जागा लागेल तशी घ्यायची, असं ठरवलेलं असतं. हलवताना स्टोरेजच्या काही जोड्यांमध्ये ही काटकसर टिकत नाही आणि नव्या जागी पूर्ण ५०० अडकतात. दहा मशीनं अशी फुगली की नवी पेटी पहिल्याच रात्री भरते.

स्नॅपशॉटकडेही आधी बघावं. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एक अवस्था गोठवून पुढचे बदल वेगळ्या फाईलमध्ये लिहिणं. प्रॉक्समॉक्समध्ये स्नॅपशॉट असलेली डिस्क हलवून मूळ फाईल काढून टाकता येत नाही. वर्षभरापूर्वी "अपडेटच्या आधी" म्हणून घेतलेला आणि विसरलेला स्नॅपशॉट रात्री साडेदहाला आडवा येतो.

## हायपरवायझरही बदलायचा असेल तर?

मग कामं दोन झाली, आणि ती एकाच रात्री करू नयेत असं माझं ठाम मत आहे. प्रॉक्समॉक्सने मार्च २०२४ मध्ये ईएसएक्सआयवरून मशीन थेट आणणारी सोय आणली, त्यामुळे डिस्कचं रूपांतर आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते विंडोज. त्याच्याकडे व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर नसतो, म्हणून तशी डिस्क लावली की निळा पडदा दाखवून विंडोज सुरूच होत नाही. उपाय असा की आधी डिस्क सॅटा, म्हणजे विंडोजच्या ओळखीच्या साध्या पद्धतीची, म्हणून जोडून मशीन उघडायचं, ड्रायव्हर बसवायचा, मग बदलायचं.

आयस्कझीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हीएमएफएसची एकाच लनवर अनेक होस्टनी एकत्र काम करण्याची सोय प्रॉक्समॉक्समध्ये तशीच्या तशी नाही. तिथे सामाईक लनवर एलव्हीएम, म्हणजे जागेचे तुकडे पाडून देणारी लिनक्सची पद्धत, वापरतात आणि त्यावर स्नॅपशॉट बरीच वर्षं घेताच येत नव्हता. २०२५ मधल्या आवृत्ती ९ मध्ये ती सोय आली, तीही 'चाचणी म्हणून' अशा शिक्क्यानिशी. रोज स्नॅपशॉटवर भिस्त असलेल्या ऑफिसने स्टोरेज बदलण्याआधी हे ठरवायला हवं, नंतर नाही.

## "आयपीऐवजी नाव वापरलं की प्रश्नच मिटला!"

बराचसा मिटतो, कबूल. सगळ्या होस्टवर स्टोरेज नावाने जोडलं, की पत्ता बदलताना डीएनएसमधली, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतली, एक नोंद बदलली की झालं. पण डीएनएस सर्व्हर स्वतः कुठे आहे ते बघा. लहान ऑफिसांत तो बहुधा एक व्हर्च्युअल मशीनच असतो आणि त्याची डिस्क असते त्याच स्टोरेजवर. वीज गेली, यूपीएस संपला, सगळं एकदम बंद पडलं. वीज आल्यावर होस्ट उठतो, स्टोरेजचं नाव विचारायला डीएनएसकडे जातो. डीएनएस सुरू व्हायला त्याला स्टोरेज हवं. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. अशा ठिकाणी प्रत्येक होस्टच्या स्वतःच्या होस्ट्स फाईलमध्ये, म्हणजे नाव-पत्त्यांच्या त्याच्या खासगी यादीत, ते नाव लिहून ठेवावं, किंवा एक डीएनएस या स्टोरेजच्या बाहेर ठेवावा. आणि होस्ट्स फाईलमध्ये लिहिलं की ती झाली आणखी एक वही, पुढच्या वेळी पत्ता बदलताना तपासायची.

## "बॅकअप आहे ना, मग भीती कशाची?"

बॅकअप कुठे पडतो हे आधी विचारा. त्याच एनएएसच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पडत असेल तर तो या कामापुरता बॅकअप नव्हे. दुसरं, मशीनची पुन्हा नोंद केली की व्हीसेंटर त्याला नवा क्रमांक देतं आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर त्याला नवखं मशीन समजू शकतं. जुना जॉब "मशीन सापडलं नाही" म्हणत नापास होत राहतो आणि कुणी मेल वाचत नाही. तिसरं, सहा टेराबाइट परत आणायलाही तेच पंधरा तास लागतात. मागे फिरायची खरी वाट म्हणजे जुनी पेटी न पुसता बाजूला ठेवणं.

## "मग सगळं क्लाउडवरच नेलं तर?"

क्लाउडमध्येही मशीनची डिस्क नेटवर्कपलीकडेच असते. गोडाऊन दुसऱ्याच्या मालकीचं आणि कुलूपही त्याचंच, एवढाच फरक. वर सांगितलेली कामं तिथले लोक करतात आणि त्याचे पैसे दरमहा बिलात येतात. ज्यांच्याकडे आयटीचा माणूसच नाही त्यांना ते परवडतं. पण तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे आणि स्कॅनच्या मोठ्या फायली रोज खाली-वर होत असतील आणि ब्रॉडबँड पावसाळ्यात जात असेल, तर हिशेब वेगळा होतो.

## जुनी पेटी कधी काढायची

सगळी मशीनं नव्या जागी चालू झाली, दोन दिवस शांततेत गेले, की जुनी एनएएस काढायची घाई होते. डेटास्टोअर उतरवायला गेलं की व्हीएमवेअर म्हणतं: वापरात आहे. वापरात काय असतं? बहुतेकदा कुण्या एका मशीनच्या सीडी ड्राइव्हमध्ये अडकून राहिलेली विंडोजची आयएसओ फाईल. नाहीतर मशीनचा एखादा टेम्प्लेट (नवी मशीनं बनवायचा साचा), होस्टचे लॉग लिहायची जागा, किंवा हाय अव्हेलेबिलिटीने होस्ट जिवंत आहे का हे पाहण्यासाठी निवडलेलं डेटास्टोअर. यातलं एकेक शोधून सोडवावं लागतं. जबरदस्तीने लिंक तोडली की वर सांगितलेलं १४० सेकंदांचं घड्याळ चालू झालंच म्हणून समजा.

आणि होस्टने सोडलं तरी वही संपत नाही. मशीनच्या आत कुणीतरी त्या एनएएसचा शेअर थेट जोडलेला असतो, स्कॅनर तिथे पीडीएफ टाकत असतो, महिनाअखेरीला चालणारी एखादी स्क्रिप्ट तिथे फाईल कॉपी करत असते. पेटीच्या स्वतःच्या पडद्यावर कोण जोडलेलं आहे ते आयपीनुसार दिसतं, ते रोज बघावं. दैनंदिन कामं आठवडाभरात उघडी पडतात, पण महिन्यातून एकदाच उगवणारं गिऱ्हाईक त्या यादीत महिनाअखेरीलाच दिसतं. तोवर जुनी पेटी 'फक्त वाचन' करून चालू ठेवावी, म्हणजे तिथे लिहायला गेलेली स्क्रिप्ट बोंब मारेल आणि सापडेल. महिनाअखेरीची सगळी कामं नव्या जागेवर एकदा नीट झाली, त्यातला एक बॅकअप उघडून पाहिला, की मग जुनीची पॉवर केबल काढायला हरकत नाही.